स्पितीला जाताना बॅगेतून काय काढायचं?

गेल्या अंकात म्हटलं होतं की कमी सामान घेऊन मित्रांबरोबर कच्च्या रस्त्यांची चार-आठ दिवसांची बाईक ट्रिप करायची असेल तर काय विचारायचं ते विचारा. पत्रं आली आणि गंमत म्हणजे बहुतेकांना हिमाचलमधल्या स्पितीलाच जायचंय, लडाख सगळ्यांचं करून झालं वाटतं. त्यामुळे या वेळी स्पिती धरूनच बोलू, बाकीचं ओघात येईल.

प्रश्न: आम्ही चौघं कॉलेजपासूनचे मित्र, सप्टेंबरमध्ये स्पिती ठरलंय. दोन एक्सपल्स, एक जुनी हिमालयन ४११ आणि एकाची क्लासिक ३५०. ग्रुपवर सामानाची यादी करायला घेतली ती संपतच नाही. एकाला टेंट आणि स्टोव्ह हवा, एकाला ड्रोन, तिसरा म्हणतो दोन्ही बाजूंना पत्र्याचे पॅनियर, म्हणजे सामानाच्या पेट्या, लावू म्हणजे प्रश्नच मिटला. मी म्हणतोय माणशी एकच बॅग, तर मला कंजूष म्हणतायत. कोण बरोबर? (चिंचवड)

तुम्ही बरोबर आहात, पण अर्धेच. माणशी एक बॅग असा नियम केला की होतं काय, चौघंही आपापल्या बॅगेत हवेचा पंप घालतात, चौघंही पानासेट घालतात, चार फर्स्ट एड, चार चेन ल्यूब, चार डक्ट टेप, आणि प्रत्येकाला वाटतं आपण किती कमी घेतलंय. म्हणून आधी ग्रुपची यादी करा, माणसाची नंतर. पंप एक. पानासेट एक, पण तो चारही गाड्यांना चालणारा, मागच्या चाकाच्या ॲक्सल नटचं माप चारही गाड्यांवर स्वतः लावून बघा, सगळ्यांचं एक नसतं. फर्स्ट एड एक आणि ती कुणाच्या बॅगेत कुठल्या कप्प्यात आहे हे चौघांना पाठ पाहिजे. क्लच केबल मात्र प्रत्येक गाडीची वेगळी, तिथं काटकसर नको, आणि ती बॅगेत ठेवूच नका, जुन्या केबलच्या शेजारून नवी ओढून झिप टायनं बांधून टाका, तुटली की फक्त दोन टोकं बदलायची.

आता टेंट. शिमल्याकडून जाताना नारकंडा, कल्पा, नाको, ताबो, काझा, लोसर सगळीकडे राहायची सोय होते, होमस्टे आहेत, रजया एवढ्या जड असतात की रात्री कूस बदलायची तर ठरवून बदलावी लागते. ढाबेही आहेत. आणि टेंट म्हणजे नुसता टेंट नसतो ना, त्याच्या मागून मॅट येते, मॅटमागून स्लीपिंग बॅग, मग स्टोव्ह, मग भांडी, मग भांडी घासायला स्क्रबर. तुमच्या मित्राला तंबूतच झोपायची हौस असेल तर ती वेगळी ट्रिप करा, खरंच मस्त असते, पण ती ही नाही. ड्रोनचं म्हणाल तर किन्नौर-स्पिती चीन सीमेच्या जवळचा भाग, उडवायला परवानग्यांचं झंझट आहे, घरी ठेवा.

पॅनियरवर मी जरा जास्त बोलणार आहे कारण दुकानात ते फार देखणे दिसतात. मऊ खडीत किंवा वाळूत बाईक आडवी होते, सगळ्यांची होते, हळू चालवताना तर जास्तच होते. तेव्हा पाय पटकन बाहेर काढता आला पाहिजे, आणि पत्र्याची पेटी नेमकी पोटरीवर येते. दुसरं म्हणजे वजन. एक्सपल्स ४व्ही साधारण १५९ किलोची, हिमालयन ४११ ही १९९ ची, त्यावर स्टँड आणि पेट्या धरून सामानाचे पंचवीस-तीस किलो सहज होतात आणि तेही मागच्या चाकाच्या मागे लटकलेले. पुढचं चाक हलकं होतं, हँडल वाळूत पोहायला लागतं आणि मग माणूस म्हणतो मला ऑफरोड जमत नाही. जमतं हो, सामान जमू देत नाही. आणि ही पडलेली गाडी चार हजार मीटरवर उचलायची आहे, तिथं नुसती बुटाची लेस बांधली तरी धाप लागते.

तर हिशोब असा धरा. कपडे-औषधं-चार्जर धरून माणशी आठ-नऊ किलो, त्यात ग्रुपच्या सामानाचा वाटा घातला की बारा. घरातल्या वजनकाट्यावर बॅग हातात धरून उभे राहा आणि आपलं वजन वजा करा, अंदाजावर जाऊ नका. तीस-चाळीस लिटरची एक मऊ, तोंड गुंडाळून बंद होणारी वॉटरप्रूफ बॅग सीटवर आडवी, जितकी पुढे येईल तितकी पुढे. बांधायला दोन पट्टे, बकलवाले. हुकवाली रबरी बंजी दोरी नको, खड्ड्यात ती ताणते आणि सुटते आणि सुटली की थेट चेनमध्ये जाते. जड वस्तू म्हणजे पाने, ट्यूब वगैरे बॅगेत टाकूच नका, छोट्या पिशवीत इंजिनच्या आसपास खाली बांधा.

कपडे एक जोड अंगावर आणि एक बॅगेत. लवकर वाळणारे. जीन्स एकही नको, भिजली की दोन दिवस वाळत नाही आणि वजन करते. थर्मल एक जोड आणि तो फक्त झोपायला, दिवसा घालायचा नाही म्हणजे कोरडा राहतो. एक पातळ डाऊन जॅकेट. रेनसूट असा घ्या की जो रायडिंग जॅकेटवरून चढेल, पाऊस नसला तरी कुंझुम खिंडीत वाऱ्याला तोच उपयोगी पडतो. मोजे मात्र तीन-चार जोड घ्या, ओढ्यात पाय भिजतात आणि ओल्या मोज्यात दिवस काढण्यासारखी शिक्षा नाही.

हे सगळं काढून टाकायचं म्हणतोय पण गुडघ्याचे गार्ड, घोट्याच्या वर येणारे बूट, चांगले ग्लोव्हज आणि हेल्मेट यांना हात लावायचा नाही. अंगावरचं सामान सामानात मोजत नाहीत.

आणि हो, कुणीतरी आईनं दिलेला डिंकाच्या लाडवांचा डबा आणणारच. डबा काढा, लाडू पिशवीत घ्या.

प्रश्न: मी बाईक मेकॅनिक आहे, मित्रांबरोबर जातोय तर सगळे म्हणतात टायरचं तूच बघ. पण गाड्या वेगवेगळ्या, पुढं २१ इंच, १९ इंच, मागं १८, १७. मग ट्यूबा किती घ्यायच्या? चार-पाच ट्यूबा म्हणजे एक बॅग त्यातच गेली. (इस्लामपूर)

दोन पुरतात. एक २१ ची आणि एक १८ ची. पुढची २१ ची ट्यूब बारीक असते, ती वेळ पडली तर मागच्या १८ च्या टायरमध्येही घालता येते, थोडी दुमडते, पण हळू चालवत पुढच्या गावापर्यंत नेते. १७ आणि १९ लाही अशीच वेळ मारून नेता येते. उलटं जमत नाही, जाड मागची ट्यूब २१ च्या टायरमध्ये कोंबली तर चिमटते. त्यामुळे एकच घ्यायची वेळ आली तर २१ ची घ्या. बाकी पॅचचा डबा आहेच, सोल्युशनची ट्यूब मात्र नवीन घ्या, एकदा उघडलेली असेल तर आत वाळलेली निघते आणि ते कळतं कुठं तर कुंझुमच्या पायथ्याशी, बातलच्या अलीकडे.

तुम्ही मेकॅनिक आहात म्हणून तुम्हाला सांगायची गरज नाही, पण तुमच्या मित्रांसाठी लिहितो कारण तुम्ही आजारी पडलात तर काय. निघायच्या आधीच्या रविवारी पार्किंगमध्ये प्रत्येकानं आपलं मागचं चाक स्वतः काढून ट्यूब बदलायची. जुन्या हिमालयनला सेंटर स्टँड आहे, नसलेल्या गाडीखाली दगड किंवा लाकडाचा ठोकळा लावावा लागतो, तेही तिथंच शिका. टायरची कड रिमपासून सुटत नसेल तर टायर जमिनीवर आडवा टाका आणि दुसऱ्या गाडीचा साइड स्टँड त्याच्या कडेवर टेकवून ती गाडी हळूच त्या बाजूला झुकवा, फट्कन सुटते. नवी ट्यूब घालताना तिच्यात थोडी हवा भरून घ्या, अगदी गोल आकार येण्यापुरती, म्हणजे ती दुमडत नाही. आणि शेवटची वीतभर कड चढवताना सगळे टायर लिव्हरवर (टायर चढवायच्या पट्टीवर) जोर काढतात आणि नेमकी तिथंच नवी ट्यूब फाटते. तेव्हा जोर लावायचाच नाही, समोरच्या बाजूला गुडघा ठेवून कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरायची, इकडे आपोआप ढिलाई मिळते. साबणाचं पाणी लावा, होमस्टेतला हात धुवायचा साबण चालतो.

हवा कच्च्यावर चार-पाच पीएसआय कमी करा, जास्त नको. ट्यूबचे टायर आहेत, फार उतरवली तर दगडावर आपटून ट्यूबला रिमच्या दोन बाजूंनी दोन भोकं पडतात. अजून एक, क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरची पकड हँडलवर किंचित ढिली ठेवा, हातानं जोर लावल्यावर फिरेल एवढी. गाडी पडली तर लिव्हर फिरतो, तुटत नाही. एक स्पेअर लिव्हर वाचला.

प्रश्न: सुट्टी मोजकी आहे. मनालीहून अटल टनेल, पहिली रात्र चंद्रताल, मग काझा, दोन दिवस फिरून त्याच रस्त्यानं परत. चंदीगड ते चंदीगड सहा दिवसांत बसवलंय. शिमल्याकडून कशाला वेळ घालवायचा? (नाशिक)

कारण डोकं दुखेल म्हणून. मनाली दोन हजार मीटरच्या थोडी वर, चंद्रताल सव्वाचार हजारांच्या आसपास. म्हणजे एका दिवसात दोन हजार मीटर वर जाऊन तुम्ही तिथं झोपणार. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा साधारण संकेत आहे आणि तुम्ही तो पहिल्याच रात्री धुडकावताय. यात फिटनेसचा संबंध नसतो, जिममध्ये जाणाऱ्यालाही होतं. रात्रभर डोकं ठणकतं, उलटी होते, आणि तंबूतून उठून जाणार कुठं, अंधारात त्या रस्त्यावर गाडी चालवणार का.

शिमल्याकडून चढ हळूहळू येतो. पहिली रात्र नारकंडा, २,७०० मीटर. दुसरी कल्पा, २,९५० च्या आसपास, समोर किन्नर कैलास. तिसऱ्या दिवशी बरेच जण नाकोला मुक्काम करतात, पण नाको साडेतीन हजारांच्या वर आहे, मी म्हणेन नाकोला तळं बघा, जेवा आणि झोपायला खाली ताबोला जा, ३,२८० मीटर. दिवस लांब होतो, लवकर निघा. ताबोचा मठ इसवी सन ९९६ चा, मातीच्या भिंती, आतली चित्रं बघायला टॉर्च लागते, फोटो काढू देत नाहीत. चौथ्या दिवशी काझा, तिथं दोन रात्री. कुंझुम, ४,५५० मीटर, सगळ्यात शेवटी ओलांडायचा आणि लगेच खाली उतरायचं, तोवर शरीराला सवय झालेली असते. चंद्रताल करायचंच असेल तर ते या टप्प्यावर, आणि तळ्याच्या काठावर तंबू लावायला बंदी आहे, कॅम्प काही किलोमीटर अलीकडे असतात.

म्हणजे चंदीगड ते चंदीगड आठ दिवस आणि वर एक दिवस मोकळा. हा मोकळा दिवस मी सामानासारखाच मोजतो, नव्हे, सगळ्या स्पेअर पार्टांपेक्षा तो जास्त कामाचा. दरड पडली, कुणाला ताप आला, पाऊस लागला, सगळ्याला एकच औषध, आज इथंच थांबू. मोकळा दिवस नसला की माणूस अंधारात चालवतो. सहा दिवसच असतील तर स्पितीचा नाद सोडा, सांगला, छितकुल, कल्पा करून त्याच रस्त्यानं परत या, तेही काही कमी नाही, आणि छितकुलचा रस्ता पुरेसा खडबडीत आहे.

कुंझुम ते ग्राम्फू, म्हणजे मनालीचा रस्ता लागेपर्यंतचा टप्पा मात्र नीट समजून घ्या. किन्नौरकडून काझ्यापर्यंत आता बरंचसं डांबर आहे, खरं ऑफरोड म्हणतात ते लोसरच्या पुढे. बातल, छतडू, ग्राम्फू, गोल दगड, वाळू, आणि रस्त्यावरूनच वाहणारे ओढे. हे ओढे हिमनदीचे. सकाळी घोट्याएवढं पाणी असतं, दिवसभर ऊन लागून बर्फ वितळला की दुपारनंतर त्याच ओढ्यात गुडघाभर, वर ओढही वाढते. म्हणून काझ्याहून पहाटे निघायचं आणि दुपारच्या आत हे सगळं मागं टाकायचं. काझा-मनाली दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, कागदावर चार तास वाटतात, पूर्ण दिवस जातो. पाणी खोल वाटलं तर आधी एकानं चालत जाऊन बघायचं, मग पहिल्या गिअरमध्ये एका लयीत, नजर पलीकडच्या काठावर. गाडी पाण्यात पडली आणि इंजिन बंद झालं तर स्टार्टर मारायचा नाही, अजिबात नाही. आत पाणी गेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बाहेर काढा, एअर फिल्टर बघा, स्पार्क प्लग काढा, मग इंजिन फिरवून पाणी बाहेर येऊ द्या. प्लगचा पाना म्हणूनच यादीत हवा.

उंचीच्या त्रासावर घेतात त्या डायमॉक्स गोळीचं बऱ्याच जणांनी विचारलंय. तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या, सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगा. आणि गोळी घेतली तरी लक्षणं वाढली तर खाली उतरणं हाच उपाय.

प्रश्न: माझी उंची पाच फूट दोन, एक्सपल्स घेतलीय. सोबत तीन मित्र आहेत, सगळे सहा फुटाच्या आसपास. पाय नीट टेकत नाहीत म्हणून सगळे म्हणतायत तू गाडी बदल नाहीतर मागं बस. (कोल्हापूर)

मागं बसायचा प्रश्नच येत नाही. एक्सपल्सच्या सीटची उंची ८२५ मिलिमीटर, तुमच्या उंचीला दोन्ही पाय टेकणार नाहीत हे खरं, पण दोन्ही कशाला टेकायचेत? सीटवरून थोडं एका बाजूला सरकून डावा पाय पूर्ण टेकवायचा, उजवा ब्रेकवर. थांबायची जागा आधी हेरायची, डावीकडची जमीन उंच असेल तिथं थांबायचं, खड्ड्याच्या कडेला नाही. ही सवय सपाट रस्त्यावर पंधरा दिवसांत लागते. सीटवाल्याकडून फोम थोडा कमी करून घ्या, एक-दीड इंच सहज उतरतो. सस्पेन्शनची लिंक बदलून गाडी खाली आणतात ते मला फारसं पटत नाही, २२० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स घेतलाय तो घालवायचा कशाला.

गाडी उचलायला शिका, ताकद लागत नाही, पद्धत लागते. गिअरमध्ये टाका, गाडीकडे पाठ करून उकिडवं बसा, एका हातात हँडलचं खालचं टोक, दुसऱ्या हातात मागचा ग्रॅब रेल, पाठ ताठ ठेवून पायांनी मागं मागं ढकलत उभं राहा. उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड काढून ठेवा नाहीतर उचललेली गाडी पलीकडे पडते. आणि सामान बारा किलोच्या आत असेल तर तुम्हाला त्या सहा फुटवाल्यांपेक्षा जास्त फायदा होतो, हे त्यांना सांगा.

एक विचारलं नाहीत पण सांगते, हो, हे सदर एक बाई लिहितेय, काही वाचक मला अजून दादा म्हणून पत्र लिहितात. टॉयलेटचे थांबे तुमच्या सोयीनं लागतील हे पहिल्याच दिवशी मोकळेपणानं सांगून टाका, लाजून पाणी कमी पिऊ नका, त्या उंचीवर पाणी कमी पडलं की डोकेदुखी आलीच. पाळीत कप वापरत असाल तर उत्तम, पॅड असतील तर वापरलेले घट्ट पिशवीत घालून परत आणा.

प्रश्न: मुलगा मित्रांबरोबर चाललाय. तिकडं दिवस दिवस फोन लागत नाही म्हणतो. शेजारचे म्हणाले परदेशातून सॅटेलाइट मेसेंजर मागवा. मागवू का? (सातारा)

नका मागवू काकू. सॅटेलाइट फोन काय आणि सॅटेलाइटवर मेसेज पाठवणारी यंत्रं काय, भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत, पोलीस केस होते. आणि तेही सीमेजवळ.

त्यापेक्षा एका कागदावर रोजचा मुक्काम, होमस्टेचा नंबर आणि चारही मुलांच्या घरचे नंबर लिहून घ्या, तोच कागद चारही घरांत ठेवा. ताबो, काझ्याला फोन लागतो. काझा सुटल्यापासून लाहौलमध्ये उतरेपर्यंत फारसं काही लागत नाही, आणि त्यातच चंद्रतालचा मुक्काम असेल तर दीड-दोन दिवस तुम्हाला काही कळणार नाही. तो आकडा आधीच ठरवून घ्या की अमुक दिवशी दुपारपर्यंत फोन आला नाही तरच काळजी करायची, त्याच्या आधी नाही. त्यानंतर ११२. आणि मुलाला रोज फोटो पाठव म्हणू नका, नेटवर्क शोधत टेकडीवर चढणारी पोरं मी बघितलीत.

प्रश्न: क्लासिकवाला मित्र हळू चालवतो. दर वेळी त्याच्यासाठी थांबायचं, मग चिडचिड होते. त्याला सांगावं का की तू नको येऊस? (चिंचवड, वरच्याच चौघांपैकी दुसरा)

अरे बापरे, म्हणजे पहिल्यानं कंजूष आणि तुम्ही हा विषय काढलाय, निघायच्या आधीच एकदा चौघं चहाला बसा.

क्लासिकचा क्लिअरन्स १७० मिलिमीटर आणि वजन १९५ किलो, त्यामुळे दगडात तो जपूनच चालवणार आणि तसंच चालवायला पाहिजे. स्पितीत लोक अल्टो चालवतात, क्लासिक नक्की जाते. इंजिनच्या पोटाखाली जाड बॅश प्लेट, म्हणजे दगडापासून वाचवणारा पत्रा, लावा म्हणजे झालं. शिवाय तिथं सगळेच हळू होतात, हजार मीटर चढलं की इंजिनची ताकद साधारण दहा टक्के घटते, कुंझुमवर तुमची एक्सपल्सही धापा टाकणार आहे.

त्याला शेवटी ठेवू नका. शेवटचा माणूस कायम गाठायच्या धडपडीत असतो, पुढचे थांबतात, तो पोचला रे पोचला की हे निघतात, म्हणजे विश्रांती सगळ्यांना आणि त्याला नाही. त्याला दुसऱ्या नंबरवर ठेवा. शेवटी ज्याच्याकडे पाने आणि पंप आहेत तो. मधलं अंतर धूळ खाली बसेल एवढं. आणि एकच नियम, जिथं रस्त्याला फाटा असेल तिथं मागचा दिसल्याशिवाय हलायचं नाही, प्रत्येकानं फक्त आपल्या मागच्याची जबाबदारी घ्यायची. मग कुणालाच फार थांबावं लागत नाही. तरीही चिडचिड झाली तर त्याची गाडी एक दिवस तुम्ही चालवा.

प्रश्न: सराव कुठं करायचा? मित्र म्हणतात गडाच्या वाटेवर किंवा बीचवर जाऊ. (पनवेल)

दोन्ही नको. अभयारण्य, राखीव जंगल, गडाच्या पायवाटा, पठारं इथं गाडी घालणं बेकायदा तरी असतं नाहीतर निर्लज्जपणा तरी, पावसाळ्यानंतर पठारावर चाकोऱ्या पडल्या की वर्षभर जात नाहीत. बीचवर कासवांची घरटी असतात, वेळास-आंजर्ल्याला तर नक्की, शिवाय खाऱ्या पाण्यानं चेन आणि स्पोक गंजतात.

कच्चे गावरस्ते भरपूर आहेत. दोन-तीन दिवसांची ट्रायल करायची तर वरंधा घाटानं महाडला उतरा (पावसाळ्यात तो बऱ्याचदा बंद असतो, विचारून जा), तिथून म्हसळा, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून जेटीनं गाडी वेश्वीला, पुढे दाभोळ-धोपावे अशी दुसरी जेटी. मधले आतले रस्ते घ्या. सगळं सामान तेच, बॅग तीच, पट्टे तेच. परत आल्यावर बॅग पलंगावर उलटी करा आणि ज्याला हात लागला नाही ते बाजूला काढा. औषधं, ट्यूब, पाने सोडून बाकी सगळं त्या ढिगातलं स्पितीला न्यायचं नाही. यादीवर चार मित्रांत होणारी निम्मी भांडणं या एका ढिगानं मिटतात.

प्रश्न: जेरीकॅन किती लिटरचा घ्यावा? (औरंगाबाद रोड, नगर)

घेऊच नका. रिकाँग पिओजवळ पंप, मग काझ्यात पंप, मग मनाली. प्रत्येक टप्पा साधारण दोनशे किलोमीटरचा. तेरा लिटरची टाकी पंचवीसच्या ॲव्हरेजनंसुद्धा सव्वातीनशे किलोमीटर देते. काझ्यात हिक्कीम, कोमिक, की, चिचमचा पूल असं फिरून झालं की निघायच्या आदल्या संध्याकाळी परत फुल्ल करा, सकाळसाठी ठेवू नका, रस्ता बंद असला की टँकर येत नाही आणि रांग लागते. रोख पैसेही खाली असतानाच काढून ठेवा, चौघांचे सारखे पैसे एका पाकिटात आणि ते पाकीट सगळ्यात चिकट माणसाकडे. चिंचवडमध्ये तो कोण हे आता सगळ्यांना कळलंय.

प्रश्न: गाड्या चंदीगडपर्यंत चालवत न्याव्यात की रेल्वेनं? (पुणे)

रेल्वेनं. हायवेवरचे सतराशे-अठराशे किलोमीटर तुमचे तीन दिवस, मागचा टायर आणि पाठ तिन्ही खातात. स्टेशनवर पार्सल ऑफिसला आरसी आणि ओळखपत्राची झेरॉक्स घेऊन जा, टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं, आरसे आणि विंडशील्ड स्वतः काढून घ्या, पॅकिंगवाले बाहेरच असतात. तुम्ही ज्या ट्रेननं जाणार त्याच ट्रेननं गाडी येईल असं धरून चालू नका, चार-पाच दिवस आधी पाठवा आणि पावती सांभाळा. हेल्मेट गाडीबरोबर बांधून पाठवू नका. टूलकिटही नको, पोचेलच असं नाही. आणि तिकडं गाडी ताब्यात घेतल्यावर पंपापर्यंत ढकलायची असते, तेव्हा रिकामी बाटली नव्हे, एक मित्र सोबत न्या, बाटलीत पेट्रोल द्यायला बरेच पंप नाही म्हणतात.